दिवसभर मळमळ, पाणीही ठरत नाही. किती त्रास झाला की डॉक्टरांना फोन करायचा?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आतापर्यंत वाचनमात्र होते, आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिलंच गरोदरपण, आठवा आठवडा चालू आहे. सहाव्यात मळमळ सुरू झाली तेव्हा उलट बरं वाटलं होतं, म्हटलं चला, सगळं मार्गी लागलंय. आता त्या आनंदाचा मागमूस नाही. सकाळी थोडा त्रास होईल आणि दुपारपर्यंत माणसात येईन अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दिवस चढतो तसा त्रासही चढतो आणि संध्याकाळी कळस होतो. फ्रिजचं दार उघडलं की उमासा. नवऱ्याचा साबण, लिफ्टमध्ये कुणीतरी मारलेला सेंट, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास, काही म्हणजे काही चालत नाही. खाल्लेलं तर राहत नाहीच, आता पाणी प्यायलं तरी थोड्या वेळात बाहेर. रात्री पोटात काही नसतं तरी कोरडे उमासे येत राहतात, बरगड्या दुखायला लागल्यात.

वजन दिवस राहण्याआधी ५८ किलो होतं, काल ५५ भरलं.

घरी, ऑफिसात, फोनवर जो तो एकच सांगतो, "अगं, सगळ्यांनाच होतं, तीन महिने झाले की आपोआप थांबतं." डॉक्टरांनी पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिलीय. एवढ्यासाठी मधेच फोन करावा का? आणि त्यांनी गोळी दिलीच तर घ्यावी का? बाळाला काही झालं तर जन्मभर मनाला लागून राहील. कुणाला इतकं झालं होतं का?

मोरपीस

आधी अभिनंदन गं! मला दोन्ही वेळा झालं होतं, पण तुझ्याइतकं नाही. मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

उशाशी कोरडं बिस्किट किंवा टोस्ट ठेव. डोळे उघडले की पडल्या पडल्याच एखादं खा, मग जरा वेळाने ऊठ. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते आणि मळमळ वाढली की खावंसं वाटत नाही, हे चक्र तोडायचं. तीन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दर दीड-दोन तासांनी चार घास. जेवताना पाणी नको, मधल्या वेळात घोट घोट. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून गार किंवा कोमट खा. आलं चालत असेल तर आल्याचा तुकडा चघळ किंवा आल्याचं पाणी घे. आणि "पौष्टिक खा"वाल्यांकडे सध्या दुर्लक्ष कर. जे पोटात राहतं तेच आत्ता पौष्टिक.

थोरली

अगं पोरी, घाबरू नकोस. मला तिन्ही वेळा पाचव्या महिन्यापर्यंत होत होतं. आमच्या वेळी ना गोळी ना सलाईन. बादली घेऊन बसायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. तिन्ही मुलं धडधाकट आहेत. एवढ्या उलट्या म्हणजे मुलगीच होणार बघ, मला पहिल्या दोन वेळी अशाच झाल्या, दोन्ही मुली.

रात्रपाळी

शेवंती, मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. खालचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, आधी फोन करा. आजच, दोन आठवड्यांनी नाही.

कारण सांगते. आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट ही आमच्याकडे धोक्याची खूण धरतात. ५८ किलोचे ५ टक्के म्हणजे २.९ किलो. तुमचं ३ किलो कमी झालंय, म्हणजे ती रेघ तुम्ही ओलांडलीय. त्यात पाणी ठरत नाही म्हणता. हे "सगळ्यांनाच होतं"मधलं नाही.

सगळ्यांना होतं ते असं असतं: साधारण १०० पैकी ७० ते ८० जणींना मळमळ होते, कमी जणींना उलट्या. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त, आणि बहुतेकींना सोळा ते वीस आठवड्यांत थांबतं. त्रास होतो, चिडचिड होते, पण दिवसातून काही ना काही पोटात राहतं आणि लघवी नेहमीसारखी होते. या सगळ्याच्या पलीकडे एक गंभीर प्रकार आहे, त्याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम म्हणतात. तो १०० पैकी तिघींपर्यंतच होतो, पण ज्यांना होतो त्यांना पुरेसं पाणी न मिळाल्याने शरीर कोरडं पडतं, पोटॅशियम-सोडियमचं गणित बिघडतं आणि अन्न नसल्यामुळे शरीर चरबी जाळायला लागतं, त्याचे कीटोन लघवीत दिसतात.

ताबडतोब कधी जायचं? आठ तास लघवी झाली नाही किंवा अगदी गडद, थोडी थोडी होतेय. चोवीस तासांत काहीच पोटात ठरलं नाही. उभं राहिलं की चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी. उलटीत रक्त. ताप, पोटात दुखणं, लघवीला जळजळ (लघवीच्या जंतुसंसर्गानेही उलट्या वाढतात, तो गरोदरपणात सहज होतो आणि सहज सुटतोही नजरेतून). यातलं एक जरी असेल तर फोनही नको, थेट जा.

फोनवर "खूप उलट्या होतात" असं मोघम सांगू नका. आम्ही तीन प्रश्न विचारतो: चोवीस तासांत मळमळ किती तास होती, उलट्या किती वेळा झाल्या, कोरडे उमासे किती वेळा आले. यावरून ३ ते १५ असे गुण काढतात. ६ पर्यंत सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ किंवा त्याहून जास्त तीव्र. ही तीन उत्तरं, वजनाचे दोन आकडे आणि शेवटची लघवी कधी झाली, एवढं कागदावर लिहून घ्या आणि वाचून दाखवा. पलीकडच्या माणसाला ते टाळता येत नाही.

शेवंती

लिहिता लिहिता लक्षात आलं की आज सकाळी एकदाच लघवीला गेलेय, तीही चहासारखी गडद. फोन करते.

तिरकस

शेवंती, जा आधी.

बाकीच्यांना विचारतो, हे होतंच का मुळात? निसर्गाने बाईला नऊ महिने पोसायला लावायचं आणि पहिल्या तीन महिन्यांत खायलाच द्यायचं नाही, हे गणित काही पटत नाही. आमच्या घरी याचं उत्तर "हार्मोन" एवढंच मिळालं. हार्मोन म्हणजे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर झालंय.

काजवा

तिरकस, आता त्या हार्मोनचं नाव कळलंय.

पूर्वीपासून बोट एचसीजीकडे होतं, म्हणजे घरच्या चाचणीत दोन रेघा दाखवणारं हार्मोन. ते नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखरावर असतं आणि त्रासही तेव्हाच, जुळ्यांत दोन्ही जास्त, म्हणून संशय. पण एचसीजीची पातळी सारखी असलेल्या दोघींपैकी एक मजेत आणि दुसरी आडवी, हे त्यातून सुटत नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. मार्लेना फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली यांच्या गटांचा. त्यांनी दाखवलं की मुख्य कारण जीडीएफ१५ नावाचं हार्मोन आहे. ते एरवीही प्रत्येकाच्या शरीरात थोडं असतं, पेशींवर ताण आला की वाढतं. गरोदरपणात गर्भ आणि वार (प्लासेंटा) ते भरपूर तयार करतात, आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या मागच्या भागात, जिथे उलटीचं केंद्र आहे, तिथे जाऊन बसतं.

खरी मेख पुढे आहे. ज्या बाईच्या अंगात गरोदर होण्याआधी हे हार्मोन कमी असतं तिला जास्त त्रास होतो. आयुष्यभर शांत खोलीत राहिलेल्या माणसाच्या कानाशी एकदम कर्णा लावावा तसं होतं ते. उलट बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांत हे हार्मोन कायमच जास्त असतं, त्यांना गरोदरपणात मळमळ फार कमी होते. म्हणजे शरीराला सवय असली की झेपतं. यावरून दिवस राहण्याआधीच हळूहळू सवय लावता येईल का, हा विचार आता संशोधक करताहेत. अजून औषध म्हणून काही हातात नाही.

फेझोबाईंना स्वतःला हा गंभीर प्रकार झाला होता आणि १९९९ मध्ये त्यात त्यांचं बाळ गेलं. त्या आनुवंशिकीच्या अभ्यासक होत्या, मग हाच विषय धरून बसल्या. आई-बहिणीला तीव्र त्रास झाला असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता जास्त, यामागेही जनुकंच आहेत.

तिरकसने विचारलेलं "का" अजून पूर्ण सुटलेलं नाही. गर्भाचे अवयव घडत असताना आईने शंकास्पद काही खाऊ नये म्हणून ही व्यवस्था, असा एक तर्क आहे. सौम्य मळमळीपुरता तो ठीक वाटतो. पाणीसुद्धा फेकून देणाऱ्या शरीराने कुणाचं रक्षण केलं, हे मला कुणी सांगावं.

साधासुधा

माहिती चांगली आहे, पण एक विरोधी सूर. गरोदरपणात गोळ्यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थॅलिडोमाइड विसरलात का? तेही उलट्यांवरच दिलं होतं आणि डॉक्टरांनीच दिलं होतं. आलं, लिंबू, मनगटावरचा दाब, विश्रांती, एवढ्यावर भागवावं. सहन करण्याची ताकद बाईत असतेच.

निवडुंग

साधासुधा, शेवटचं वाक्य वाचून कपाळात तिडीक गेली, पण थॅलिडोमाइडचा मुद्दा बरोबर जागी आणलात म्हणून उत्तर देते.

थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. झोपेसाठी, मग मळमळीसाठी. गर्भावर काय परिणाम होतो हे तपासलेलंच नव्हतं. १९६१ च्या अखेरीस तिथे बंद केलं तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांच्या दोषांसह जन्मली होती. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तो देश बराचसा वाचला. औषधांच्या चाचण्यांचे आजचे कडक नियम त्या धक्क्यातून आले. हे सगळं खरं.

आता दुसरी अर्धी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६ जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी अमेरिकेत १९५६ पासून बेंडेक्टिन या नावाने होती. लाखो बायकांनी घेतली. थॅलिडोमाइडनंतर लोक प्रत्येक गोळीकडे संशयाने बघायला लागले, खटल्यांवर खटले पडले, आणि दोष सिद्ध झालेला नसतानाही कंपनीने १९८३ मध्ये ती मागे घेतली. पुढे काय झालं? जन्मजात दोषांचं प्रमाण कमी झालं नाही. उलट्यांसाठी इस्पितळात दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच मिश्रण दुसऱ्या नावाने अमेरिकेत पुन्हा मंजूर झालं. गरोदरपणात इतकी तपासून घेतलेली औषधं फार थोडी आहेत. म्हणून डॉक्टर सहसा तिच्यापासूनच सुरुवात करतात.

मला स्वतःला गंभीर प्रकार होता. पहिल्या डॉक्टरांनी "मन रमवा" म्हणून परत पाठवलं. मन रमवायला मी उशीवरून डोकं तर उचलायला हवं. शेजारी कायम एक वाटी असायची, उलटीसाठी नाही, थुंकीसाठी. तोंडाला इतकं पाणी सुटायचं की गिळलं तर उमासा, म्हणून थुंकत राहायचं. बोलणंसुद्धा जमायचं नाही. हाही या आजाराचा भाग असतो हे मला दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. त्यांनी दाखल करून घेतलं, सलाईन लावलं आणि ग्लुकोजच्या आधी बी१ चं इंजेक्शन दिलं. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात बी१ संपलेलं असतं, त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाईन लावताना हे विचारायला घरच्यांना सांगून ठेवा.

इंग्रजी कादंबरीकार शार्लट ब्राँटी १८५५ मध्ये गरोदर असताना गेली. दाखल्यावर क्षय लिहिलंय, पण अनेक अभ्यासकांना तिच्या पत्रांतली मळमळ आणि उलट्या वाचून हाच आजार वाटतो. २०१२ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केटला हेच झालं, इस्पितळात ठेवलं, आज तिला तीन मुलं आहेत. मधल्या काळात बायकांची सहनशक्ती वाढली नाही, शिरेतून पाणी देण्याची सोय आली.

साधासुधा

आपण आपला अनुभव लिहिलात, आदर आहे. सौम्य त्रासात गोळी नको, एवढं माझं म्हणणं कायम.

रात्रपाळी

सौम्य त्रासात आम्हीही आधी खाण्यापिण्यातले बदलच सुचवतो, त्यावर भांडण नाही. आल्याने मळमळ थोडी कमी होते असं चाचण्यांत दिसलंय, उलट्यांवर फारसा फरक नाही. दिवसाला १ ग्रॅमपर्यंत ठीक. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं कोपराच्या दिशेने, दोन ताठ कंडरांच्या मध्ये दाब देतात त्याचे निकाल उलटसुलट आहेत, पण त्याने अपाय नाही. नुसतं बी६ घेऊनही काहींना बरं वाटतं, मात्र मात्रा डॉक्टरांनी ठरवलेलीच. जीवनसत्त्व आहे म्हणून मूठभर खायचं नसतं.

निवडुंगने सांगितलेल्या गोळीबद्दल दोन गोष्टी. एक, ती झोप आणते, म्हणून सहसा रात्री सुरू करतात. ती हळूहळू विरघळते, रात्री घेतलेली सकाळी काम करते. दोन, उलटी आल्यावर घेण्याची ती गोळी नव्हे, रोज ठरल्या वेळी घ्यायची. "दोनदा घेतली, फरक नाही, सोडली" हे आम्ही सतत ऐकतो.

तिने भागलं नाही तर पुढची औषधं आहेत. ऑनडॅन्सेट्रॉनबद्दल बरंच उलटसुलट वाचायला मिळतं, म्हणून आकडा देते. २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, पहिल्या तिमाहीत हे औषध न घेतलेल्यांत दर दहा हजार बाळांत ११ जणांना ओठ किंवा टाळू दुभंगलेला होता, घेतलेल्यांत १४ जणांना. म्हणजे दहा हजारांत तीन जास्त. हे कमी की जास्त, हे त्या बाईची आत्ताची अवस्था बघून तिने आणि डॉक्टरांनी ठरवायचं. कोरडी पडलेली, पोटॅशियम घसरलेली आई हासुद्धा बाळाला धोकाच आहे, तो मात्र या हिशेबात कुणी धरत नाही.

बोका

एका नवऱ्याचा प्रतिसाद, चालत असेल तर.

बायकोला पाचव्या महिन्यापर्यंत होतं. "मी काय करू?" असं तिला विचारणं हेच तिच्यासाठी एक काम होतं, म्हणून विचारणं बंद केलं. स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवायची, कांदा परतायचा तो ती झोपलेली असताना. साबण, शाम्पू, कपडे धुवायची पावडर, सगळं बिनवासाचं आणलं. कचरा रोज रात्री मीच बाहेर नेऊन ठेवायचो, तिला डबा दिसताही कामा नये.

पाण्यासाठी गजर लावला होता. ग्लास भरून समोर ठेवला की तिला बघूनच ढवळायचं. मग चमच्याने, दर पाच मिनिटांनी एक चमचा गार ओआरएस. बर्फाचा खडा चोखणं तिला त्याहून सोपं गेलं. ग्लासापेक्षा खड्यांतून जास्त पाणी गेलं असेल. आणि एका वहीत लघवीच्या वेळा लिहायचो. विचित्र वाटेल, पण डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच वही मागितली.

फोन करायची वेळ आली की नवऱ्याने करावा. ती दोन वाक्यांनंतर "नाही, तसं फार काही नाही" म्हणायला लागते.

निवडुंग

बोका, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावण्यासारखा.

शेवंती

सगळ्यांना धन्यवाद. नीट लिहायला आज जमतंय.

त्या दिवशी फोन केला, रात्रपाळीताईंनी सांगितलं तसे आकडे वाचून दाखवले. वाचून संपायच्या आधीच "लगेच या" म्हणाले. लघवीत कीटोन भरपूर, पोटॅशियम कमी. थायरॉईडही थोडा वाढलेला निघाला, ते बघून आम्ही घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले की एचसीजी थायरॉईडला चेतवतं, आधीचा आजार नसेल तर बहुतेक वेळा आपोआप उतरतं, नंतर पुन्हा तपासू. सोनोग्राफीत एकच बाळ, ठोके छान. सलाईन लावलं, नवऱ्याने बी१ चं विचारलं, ते आधीच लिहिलेलं होतं. पहिल्या बाटलीनंतर जी लघवी झाली ती बघून मला हसू आलं, इतका आनंद कधी झाला नव्हता.

रात्रीची गोळी सुरू झालीय. मळमळ गेलेली नाही, पण पाणी राहतं आणि दिवसातून दोन-तीनदा काहीतरी खाल्लेलं राहतं. झोप मात्र प्रचंड येते.

आता दोन शंका. लोहाची गोळी घेतली की हमखास उलटी होते, बंद केली तर चालेल का? आणि उलटीनंतर दात घासले की पुन्हा उमासा येतो, दात आंबल्यासारखे झालेत.

सोनचाफा

शेवंती, बरं वाटलं वाचून. माझी काळजी उलटी आहे. नववा आठवडा, मला काहीच होत नाही. एकदा गर्भपात झालेला आहे. कुठेतरी वाचलं की उलट्या होणं हे गर्भ चांगला असल्याचं लक्षण, तेव्हापासून झोप उडालीय.

रात्रपाळी

शेवंती, लोहाची गोळी मळमळ वाढवते हे खरं. पहिल्या तिमाहीत ती काही काळ थांबवून नुसतं फॉलिक ऍसिड चालू ठेवायला डॉक्टर सहसा तयार असतात. फॉलिक ऍसिड मात्र सोडू नका, ती गोळी लहान असते आणि तिचा त्रास होत नाही. दातांचं: उलटीतल्या आम्लाने दातांवरचा थर मऊ पडतो, त्यावर लगेच ब्रश फिरवला तर तो खरवडला जातो. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या-पाऊण तासाने लहान डोक्याच्या ब्रशने, पेस्ट नकोशी वाटत असेल तर पेस्टशिवाय. जळजळ, करपट ढेकर असतील तर तेही सांगा, ऍसिडिटीवर औषध दिलं की मळमळही उतरते बऱ्याच जणींची. आणि दिवसभर पडून असाल तर अंथरुणातच पाय हलवत राहा. शरीर कोरडं आणि हालचाल नाही, यात पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एका पोटरीला सूज आली, दुखायला लागली तर लगेच दाखवा.

सोनचाफा, तुम्ही वाचलं ते अर्धं आहे. २०१६ च्या एका अभ्यासात आधी एक-दोन गर्भपात झालेल्या बायका घेतल्या होत्या. त्यांच्यात मळमळ-उलट्या होणाऱ्यांना गर्भपाताचा धोका ५० ते ७५ टक्के कमी दिसला. पण मळमळ नाही म्हणजे गर्भ ठीक नाही, असं त्यातून निघत नाही. १०० पैकी वीस-तीस जणींना काहीच होत नाही आणि त्यांना छान बाळं होतात. तुमच्यासाठी खरं उत्तर सोनोग्राफीतल्या ठोक्यांत आहे. आधीचा इतिहास सांगून तारीख अलीकडे मागा, कुणी नाही म्हणणार नाही.

काजवा

थोरलींच्या मुलगा-मुलगीबद्दल राहिलंच. दाखल व्हावं लागलेल्या हजारो बायकांची बेरीज केली तर मुलींचं प्रमाण किंचित जास्त निघतं, एवढं खरं आहे. पण ते इतकं किंचित आहे की समोरच्या एका बाईबद्दल त्यावरून काही सांगायचं म्हणजे नाणं उडवणंच.

थोरली

असेल बाबा. तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हाही बादली होतीच म्हणा.

बाकी शेवंती, त्या काळी कुणी मला विचारलं असतं ना, की सलाईन लावू का, तर मी धावत गेले असते. विचारलं नाही कुणी. तू गोळी वेळेवर घे.

पाऊलवाट

धागा वाचून विचारते. माझा एकतिसावा आठवडा आहे. पहिले महिने थोडी मळमळ होती, चौथ्या महिन्यात थांबली. कालपासून पुन्हा उलट्या सुरू झाल्यात, डोकं ठणकतंय आणि उजवीकडे बरगडीखाली दुखतंय. जेवण बाधलं असेल का? आलं घेऊन बघू का?

रात्रपाळी

पाऊलवाट, आलं नाही, आत्ता निघा. पहिल्या महिन्यांतल्या मळमळीशी याचा संबंध धरू नका. ती नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत सुरू झालेली असते. त्यानंतर पहिल्यांदाच किंवा थांबून महिन्यांनी उलट्या आल्या तर कारण दुसरं शोधायचं असतं. वीस आठवड्यांनंतर डोकेदुखी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं आणि उलट्या एकत्र म्हणजे आधी रक्तदाब बघायचा. डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतंय का, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज आहे का, बाळ नेहमीसारखं हलतंय का, हे वाटेत आठवून ठेवा. गेल्यावर "एकतीस आठवडे, डोकं दुखतंय, बरगडीखाली दुखतंय" ही तीन वाक्यं पहिली बोला. रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि यकृताची रक्त तपासणी करतील. एकट्या जाऊ नका, गाडी स्वतः चालवू नका, आणि इथे आणखी कुणाच्या उत्तराची वाट बघू नका.

पाऊलवाट

नवरा गाडी काढतोय. पोचल्यावर कळवते.